पुडीतले जिवाणू आणि पोटातले जिवाणू

दूध संकलन केंद्रात गेलं की पेंडीच्या पोत्यांशेजारी हल्ली प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत उपयोगी जिवाणूंच्या पुड्या रचलेल्या दिसतात. वाळवा, पलूस, कराड, फलटण, कुठल्याही तालुक्यात जा. पुडीकडून अपेक्षा मोठ्या आहेत. दूध वाढावं, फॅट लागावी, शेण बांधून यावं, गाय उलटू नये म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येऊ नये, कालवड वेळेवर माजावर यावी. बऱ्याच ठिकाणी त्याचे पैसे रोख मोजावे लागत नाहीत. दहा दिवसांच्या दुधाच्या बिलातून ते परस्पर वळते होतात. बिल हातात आलं की घरातली बाई विचारते, ही कपात कशाची? पुडीनं नेमकं काय झालं हे तिला आकड्यांत सांगता येईल असा कागद कुणाकडंच नसतो.

या पुड्यांवर बंदी आणा असं माझं म्हणणं नाही. चांगले जिवाणू खाऊ घालून जनावराची तब्येत आणि वाढ सुधारता येते, यामागचं विज्ञान खरं आहे आणि त्यावर अनेक दशकं काम झालेलं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या जनावराला या जिवाणूंचा खरा उपयोग, त्याच्यापर्यंत पुडी पोचत नाही. आणि ज्याला तो सगळ्यात कमी, त्याच्या गव्हाणीत ती रोज रिकामी होते. हे उलटं वाटप का होतं ते समजायचं असेल तर आधी गाईच्या पोटात डोकावायला हवं.

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातला पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे कोटीपोट, मोठ्या गाईत ते शंभर ते दीडशे लिटरचं असतं. आत हवा जवळजवळ नसते, तापमान ३९ अंशांच्या आसपास, सामू (पीएच) सहा ते सातच्या दरम्यान. आतल्या पाण्याच्या एका मिलीलिटरमध्ये सुमारे एक हजार कोटी जिवाणू असतात, आणि त्यांच्या जोडीला आदिजीव आणि बुरशी. कडब्यातलं सेल्युलोज फोडणारं विकर (एन्झाइम) गाईच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम हे जिवाणू करतात. चारा आंबवून ते ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्ल तयार करतात. ही आम्लं कोटीपोटाच्या भिंतीतून थेट रक्तात जातात आणि गाईला लागणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास ७० टक्के ऊर्जा तिथून मिळते. जिवाणूंची नवी पिढी येत राहते, जुनी पुढच्या पोटात वाहत जाऊन पचते, आणि गाईला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा त्यातूनच येतो. आपण घातलेली वैरण आधी त्यांच्या तोंडी जाते आणि गाय त्यांच्यावर जगते. हे जिवाणू ऑक्सिजन लागला की मरतात, त्यामुळं प्रयोगशाळेत ते वाढवणं फार काळ कुणाला जमत नव्हतं. अमेरिकेतले शास्त्रज्ञ रॉबर्ट हंगेट यांनी हवा न लागू देता काचेच्या नळीत ते वाढवण्याची रीत बसवली आणि त्यानंतर हे जग माणसाला नीट दिसू लागलं.

आता पुडीचा हिशेब करू. समजा, पुडीवर ग्रॅमला शंभर कोटी जिवंत जिवाणू असं लिहिलंय आणि रोज दहा ग्रॅम घालायला सांगितलंय. दहा ग्रॅमचे एक हजार कोटी झाले. आकडा ऐकायला प्रचंड वाटतो, पण कोटीपोटातल्या एका मिलीलिटर पाण्यात तेवढे जिवाणू आधीच आहेत. आणि तसं पाणी तिथं शंभर लिटर आहे, म्हणजे एक लाख मिलीलिटर. पुडीतल्या एका जिवाणूसमोर तिथले एक लाख उभे असतात. त्यांना तिथलं अन्न ठाऊक, तापमान ठाऊक, एकमेकांचा आधार असतो. बाहेरून आलेला लॅक्टोबॅसिलस, हा पुडीतला एक नेहमीचा जिवाणू, अशा भरल्या घरात वस्ती करू शकत नाही. तो चाऱ्याबरोबर पुढं वाहून जातो. म्हणूनच पुडी रोज घाला असं सांगतात, आणि घालणं थांबवलं की परिणाम झाला असलाच तर तोही थांबतो.

काही पुड्यांत यीस्ट असतं, ती एक प्रकारची बुरशी. तिचं थोडं निराळं आहे आणि ते मोकळेपणानं सांगायला हवं. जिवंत यीस्ट कोटीपोटात फार वाढत नाही, पण चाऱ्याबरोबर आत शिरलेला थोडासा ऑक्सिजन ते वापरून टाकतं. त्यामुळं तंतू पचवणाऱ्या जिवाणूंची सोय होते आणि लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंनाही बळ मिळतं. परिणामी सामू सावरायला मदत होते. दुभत्या गाईंवर जगभर झालेल्या चाचण्यांत यीस्टमुळं दूध थोडं वाढल्याचं अनेकदा दिसलंय, विशेषतः जिथं पेंड जास्त आणि वैरण कमी घातली जाते तिथं. पण ही वाढ थोडीच असते, आणि सगळ्या चाचण्यांत ती दिसतही नाही. ‘एका पुडीत दोन लिटर’ असं सांगणाऱ्या विक्रेत्यानं हे दुसरं वाक्यही सांगायला पाहिजे.

मग थोडेसे जिवाणू मोठं काम करूच शकत नाहीत का? करतात, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण सुबाभळीचं आहे. बायफ या ग्रामविकास संस्थेच्या मणिभाई देसाईंनी सुबाभळीचा प्रसार केला तेव्हापासून हे झाड आपल्या बांधांवर आहे. पाला प्रथिनांनी भरलेला, शेळ्या आवडीनं खातात. पण त्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. कोटीपोटात त्यापासून डीएचपी नावाचं दुसरं द्रव्य तयार होतं, ते गलग्रंथीचं (थायरॉईडचं) काम बिघडवतं. सुबाभूळ भरपूर खाणाऱ्या जनावरांचे केस गळतात, वजन घटतं, गलग्रंथी फुगते. ऑस्ट्रेलियातले पशुपालक याच कारणानं हैराण झाले होते. तिथल्या रेमंड जोन्स यांच्या लक्षात आलं की हवाई बेटांवरच्या शेळ्या तीच सुबाभूळ पोटभर खातात आणि त्यांना काहीच होत नाही. १९८० च्या दशकात हवाईतल्या शेळीच्या कोटीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले गेले. त्यांचा त्रास थांबला. पुढं एका जनावराकडून दुसऱ्याकडं ते जिवाणू आपोआप पसरले. डीएचपी खाणाऱ्या त्या जिवाणूला १९९२ साली नाव मिळालं, सिनर्जिस्टिस जोन्सी, जोन्स यांच्यावरूनच.

मूठभर जिवाणूंना हे का जमलं? त्या पोटात डीएचपी खाणारं दुसरं कुणीच नव्हतं. अन्न तयार होतं, जागा रिकामी होती. बाहेरून जिवाणू देण्याच्या सगळ्या शास्त्राचं मर्म मला या एका गोष्टीत दिसतं. रिकामी जागा असेल तर जिवाणू रुजतो, भरलेल्या घरात तो पाहुणा म्हणून येतो आणि जातो. मग कुठल्याही पुडीबाबत पहिला प्रश्न हाच विचारायचा, की या जनावराच्या पोटात रिकामी जागा कुठं आहे?

सगळ्यात मोठी रिकामी जागा असते नुकत्याच जन्मलेल्या जिवाच्या पोटात. विटा-खानापूर भागात किंवा तासगावकडं पोल्ट्रीच्या शेडमध्ये उतरणारं एक दिवसाचं पिल्लू घ्या. ते यंत्रात उबवलेलं असतं. कोंबडीच्या पंखाखाली ते कधी गेलेलं नाही, तिच्या विष्ठेत त्यानं चोच मारलेली नाही. हजारो पिढ्या पिल्लाला आईकडून जे जिवाणू मिळत आले, ते त्याला मिळालेलेच नसतात. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ साली दाखवून दिलं की निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पिल्लाला पहिल्याच दिवशी पाजले तर साल्मोनेला हा रोगजंतू त्याच्या आतड्यात सहजी ठाण मांडू शकत नाही. जागा आधीच भरली जाते. पोल्ट्रीतल्या प्रोबायोटिकचा सगळा डोलारा पुढं या निरीक्षणावर उभा राहिला. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत विकला जातो. आतड्याची घडी पहिल्या आठवड्यात बसली तर त्या छोट्या आयुष्यात फायदा दिसायला वाव असतो. खाद्याचं वजनात रूपांतर थोडं सुधारलं तरी पाच हजार पक्ष्यांच्या शेडला ते जाणवतं. आपल्याकडं बहुतेक शेतकरी करारानं पक्षी वाढवतात. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, शेड आणि राबणं शेतकऱ्याचं, आणि संगोपनाचा दर एफसीआरवर, म्हणजे किलोभर वजनाला किती खाद्य लागलं यावर ठरतो. तेव्हा कंपनी पिल्लांना कुठले जिवाणू देते, कधी देते, हे शेतकऱ्याला कळायला हवं. त्याच्या हातात असलेली एक गोष्ट मात्र त्यानं सांभाळावी. जिवाणूंची पावडर क्लोरीनच्या पाण्यात कालवली तर ती पिल्लाच्या चोचीपर्यंत जिवंत पोचत नाही.

दुसरं पोट वासराचं. जन्मताना वासराच्या पोटाचा साठ टक्के भाग चौथ्या कप्प्यानं व्यापलेला असतो. कोटीपोट लहान, आतून गुळगुळीत आणि निकामी. दूध एका पन्हाळीतून थेट चौथ्या पोटात जातं. वासरू काफ स्टार्टर (वासरांचं सुरुवातीचं खाद्य), थोडं भरडलेलं धान्य खायला लागतं तेव्हा कोटीपोटात जिवाणू वस्ती करतात, आम्लं तयार होतात, आणि त्यातल्या ब्युटिरिक आम्लामुळं कोटीपोटाच्या आतल्या लवी वाढतात. पुढं दूध देणारी गाय याच आठवड्यांत घडत असते. लॅक्टोबॅसिलस, एंटेरोकॉकस, यीस्ट यांच्या चाचण्यांत सगळ्यात उत्साहवर्धक निकाल याच वयात मिळाले आहेत. हगवण कमी, वजनवाढ थोडी जास्त. अर्थात, गोठा स्वच्छ आणि वासरं आधीच ठणठणीत असतील तर फरक कमी दिसतो, आणि गाईचं दूध पाजलं की पावडरीचं, यावरही निकाल बदलतो.

आणि आपल्या गोठ्यात वासराचं काय चालतं? जन्मल्याबरोबर त्याला कोपऱ्यात बांधतात. ‘जार पडल्याशिवाय चीक पाजू नये’ ही समजूत अजून कितीतरी घरांत पाळली जाते. जार पडायला सहा तास लागोत की बारा, वासरू उपाशी. चिकातली प्रतिपिंडं आतड्यातून रक्तात जाण्याची वाट तासातासानं बंद होत जाते आणि चोवीस तासांत ती पूर्ण मिटते. तीस किलोच्या वासराला पहिल्या काही तासांत तीन लिटर चीक मिळायला हवा. तो मिळत नाही, आणि उरलेल्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटला जातो. मग आठ-दहा दिवसांनी वासरू हगायला लागतं आणि कुणीतरी अँटिबायोटिकची गोळी देतं. चीक चुकलेल्या वासराला जगातलं कुठलंही प्रोबायोटिक तारू शकणार नाही. पण चीक मिळालेल्या वासराला पहिल्या महिन्यात चांगले जिवाणू दिले, तर पैसे योग्य ठिकाणी गेले असं मी म्हणेन.

पुडी मात्र वासरासाठी फारशी कुणी विकत नाही. वासराचं बिल निघत नाही, त्यामुळं कापायलाही काही नसतं. दुभत्या गाईचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. जिच्या पोटात जागा सगळ्यात कमी, तिच्याच नावावर सगळ्यात जास्त पुड्या खपतात, याचं कारण शरीरशास्त्रात सापडणार नाही, ते वसुलीच्या सोयीत आहे.

दुभत्या गाईचंही पोट कधीकधी विस्कटतं, हे खरं. आमच्या भागात तसे दोन मोसम सगळ्यांना पाठ आहेत. पहिला बेंदराचा, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याचा. बैलाला, गाईला मायेनं पुरणपोळी, भात, शिजवलेलं धान्य भरपूर चारतात आणि दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकाच्या फोनला उसंत नसते. एवढा पिठूळ पदार्थ एकदम आत गेला की स्ट्रेप्टोकॉकस बोविस नावाचा जिवाणू बेसुमार वाढतो, लॅक्टिक आम्ल साचतं, सामू साडेपाचच्याही खाली घसरतो आणि तंतू पचवणारे जिवाणू मरतात. जनावर रवंथ थांबवतं, अंग टाकतं, वेळेवर उपचार न मिळाल्यास दगावतं. अशा वेळी सोड्यानं आम्ल मारायचं आणि निरोगी जनावराच्या कोटीपोटातलं पाणी काढून आजाऱ्याला पाजायचं, ही पशुवैद्यकांची जुनी रीत आहे. त्या पाण्यात सगळी वसाहत एकदम मिळते, पुडीत तिचे एक-दोन सदस्य असतात.

दुसरा मोसम ऊसतोडीचा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कृष्णाकाठच्या गोठ्यांत वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची चैन. हिरवी वैरण स्वस्त मिळते, म्हणून आज कडबा आणि उद्यापासून नुसती वाढी. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. ऑक्झलेट पचवणारे जिवाणू कोटीपोटात असतात, पण थोडे. वाढी हळूहळू वाढवत नेली तर त्यांची संख्याही वाढत जाते आणि जनावर सांभाळून घेतं. एका दिवसात बदल केला तर त्यांना ती सवड मिळत नाही. चुन्याची निवळी आणि खनिज मिश्रण देऊन कॅल्शियमची भर घालावी असं जाणकार सांगतात ते त्यासाठीच. माण-आटपाडीच्या चारा छावण्यांत दुष्काळात जनावरं महिनोन् महिने उसावर काढतात, त्यांच्या पोटाची अवस्था हा वेगळा अभ्यासाचा विषय आहे आणि तो व्हायला हवा. अशा एकदम बदललेल्या खाण्यात यीस्ट काही दिवस दिलं तर ते मला पटतं. २०१९ च्या महापुरात सांगलीची जनावरं घरं सोडून मिळेल त्या चाऱ्यावर राहिली, तेव्हाही ते उपयोगी पडलं असतं. बारमाही रतीब लावण्याला मात्र हा आधार पुरत नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याच पुडीवर छापलेली नसते. गाय दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ तयार करते. त्या लाळेत सोडा असतो आणि तोच कोटीपोटाचा सामू सांभाळतो. ही लाळ सुटते चघळताना आणि रवंथ करताना, त्यासाठी वैरणीला लांबी लागते. कडबाकुट्टी पिठासारखी बारीक केली, वैरण कमी करून गोळीपेंड वाढवली, की रवंथ घटतं, लाळ घटते, फॅट साडेतीनच्या खाली येते आणि दर तुटतो. मग फॅट लागावी म्हणून पुडी येते. कुट्टी यंत्राचं पातं थोडं सैल करून आणि दोन किलो कडबा वाढवून आधी पंधरा दिवस बघायला काय हरकत आहे? मेंढ्यांचंही असंच. जत-आटपाडीचे धनगर कापणी झालेल्या रानात कळप घालतात, मेंढ्या सांडलेलं धान्य भरभरून खातात आणि आंत्रविषारानं पटापट मरतात. तो आजारही आतड्यातल्याच एका जिवाणूच्या बेसुमार वाढीचा, पण त्यावर खात्रीचा उपाय लस आहे, आणि ती पावसाळ्याआधी टोचून घ्यावी लागते.

‘आमच्या गाईला फरक पडला’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. त्यांना दूध वाढलेलं दिसलं, हे खरंच. पण गाय व्याल्यावर सहा-आठ आठवडे दूध चढतच असतं आणि पुडी नेमकी त्याच दिवसांत सुरू झालेली असते. पुडी आणली म्हणून खनिज मिश्रणही आणलं जातं, पाणी वेळेवर पाजलं जातं, गोठ्यात लक्ष वाढतं. श्रेय कुणाला द्यायचं? शिवाय हिशेब बघा. पुडीचा रोजचा खर्च २० रुपये आणि दुधाला लिटरमागं ३५ रुपये धरले, तर अर्ध्या लिटरहून थोडं जास्त दूध रोज वाढलं तरच पैसे वसूल होतात. एकाच गाईचं दूध ऊन, माज, माशा, पाहुणे अशा कशानंही अर्धा लिटर वरखाली होतं. इतका लहान फरक डोळ्यांनी ठरवता येत नाही. त्यासाठी सारख्या गाईंचे दोन गट लागतात. एकाला पुडी, दुसऱ्याला तशीच दिसणारी साधी पावडर, आणि कुणाला काय मिळतंय हे दूध मोजणाऱ्याला ठाऊक नसावं.

हा सगळा विषय गोठ्यापुरता राहत नाही, त्याचं एक कारण अँटिबायोटिक आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स हे शास्त्रज्ञ कोंबडीच्या पिल्लांसाठी बी-१२ जीवनसत्त्व शोधत होते. ऑरिओमायसिन बनवताना उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना घातला, तर पिल्लं जीवनसत्त्वाच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त वाढली. चोथ्यात उरलेल्या अँटिबायोटिकचा तो परिणाम होता. तिथून जगभर खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक मिसळून वजन वाढवायची प्रथा पडली, आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू तयार होत गेले. स्वीडननं १९८६ साली ही प्रथा बंद केली, युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटच्या फळीतलं औषध. त्याला दाद न देणारं, एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारणारं जनुक २०१५ साली चीनमध्ये सापडल्याचं जाहीर झालं आणि भारतानं जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. खाद्यातून अँटिबायोटिक जायचं तर त्याची जागा घेणारं काहीतरी हवं, आणि प्रोबायोटिक हा त्यातला एक प्रामाणिक पर्याय आहे. म्हणूनच तो बदनाम झालेला मला चालणार नाही. निकृष्ट पुड्या घालून ज्या शेतकऱ्याचा विश्वास उडेल, तो उद्या चांगल्या जिवाणूंनाही हात लावणार नाही, पुन्हा इंजेक्शनकडं वळेल.

जिवंत वस्तू विकायची तर ती जिवंत असली पाहिजे, इतकी साधी ही अपेक्षा. लॅक्टोबॅसिलस उन्हात टिकत नाही. माणदेशातल्या एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या दुकानात ठेवलेल्या पुडीत किती जिवाणू श्वास घेत असतील? बॅसिलस जातीचे जिवाणू बीजाणू धरतात, ते उष्णता सोसतात. गोळीपेंड बनवताना ७०-८० अंशांची वाफ लागते, त्यातूनही ते वाचतात. साधं यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलस त्यात मरतं. म्हणजे ‘प्रोबायोटिकयुक्त गोळीपेंड’ असं पोत्यावर लिहिलेलं असेल तर कुठला जिवाणू, हा प्रश्न विचारायलाच हवा. आणि नाव लिहिलेलं असलं तरी ते बरोबर असतंच असं नाही. ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनेस’ या नावानं आपल्या देशात वर्षानुवर्षं जे विकलं गेलं तो प्रत्यक्षात बॅसिलस कोॲग्युलन्स आहे. जातीचं नावही पुरेसं नाही. एकाच जातीतला एक वाण उपयोगी असतो आणि दुसरा निरुपयोगी. काहींच्या अंगात अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुकंही असतात. ती तपासल्याशिवाय एंटेरोकॉकससारखे जिवाणू जनावरांच्या पोटात रोज सोडणं धोक्याचं आहे.

माणसांसाठीच्या प्रोबायोटिक पदार्थांबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ सालीच मार्गदर्शक तत्त्वं दिली. वाणापर्यंत ओळख पटवा, सुरक्षितता तपासा, मुदत संपेपर्यंत जिवंत राहणाऱ्या जिवाणूंची संख्या लेबलवर लिहा. युरोपात २००३ च्या नियमानुसार जनावरांच्या खाद्यातल्या प्रत्येक वाणाला, प्रत्येक जनावरासाठी वेगळी परवानगी लागते आणि उपयोग दाखवायला साधारणपणे किमान तीन चाचण्या सादर कराव्या लागतात. कोंबडीसाठी मंजूर झालेला वाण त्याच कागदावर गाईला विकता येत नाही. आपल्याकडं ‘फीड सप्लिमेंट’ म्हणून पुडी बाजारात आणली की औषधाला लावतात तो कस लागत नाही. दुकानात पुडी उलटून बघा. वाणाचा क्रमांक क्वचितच सापडतो, आणि लिहिलेली संख्या बनवतानाची की मुदतीअखेरची, हेही बहुधा कळत नाही. केंद्र सरकारनं निदान या दोन गोष्टी छापायची सक्ती करावी. अन्न व औषध प्रशासनानं अधूनमधून दुकानातली पुडी उचलून जिवाणू मोजावेत. हे मोजायला फार मोठं तंत्र लागत नाही. सूक्ष्मजीवशास्त्राच्या कुठल्याही महाविद्यालयात ताटलीवर वसाहती मोजायला शिकवतात.

सरकार हलेल तेव्हा हलेल. दूध संघ आणि संस्था आपल्या आहेत, आपण निवडून दिलेले संचालक तिथं बसतात. सातारा-सांगलीत चाचणीला लागणारं सगळं हाताशी आहे. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवेच असतात. ज्यांच्या नावानं ते महाविद्यालय उभं आहे त्या नानांचं येडेमच्छिंद्र याच कृष्णेच्या पट्ट्यातलं. आणि मोजमाप तर रोज होतंच आहे. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक सभासदाचं दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) संगणकात नोंदलं जातं. एक-दोन गाई असलेली घरं निवडली, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना पुडी आणि निम्म्यांना साधी पावडर दिली, तीन-चार आठवड्यांनी अदलाबदल केली, तर एका हंगामात उत्तर मिळेल. खर्च पुडी विकणाऱ्या कंपनीनं द्यावा, पण पाकिटं वाटणं आणि आकडे मांडणं महाविद्यालयाकडं राहावं. निकाल आला की तो केंद्राच्या फलकावर लावावा, चांगला असो की वाईट. आणि तोवर सभासदाच्या सहीशिवाय बिलातून पुडीचा एक रुपया कापू नये, असा ठराव प्रत्येक संस्थेच्या वार्षिक सभेत व्हावा. ज्याला आपल्या पैशानं घ्यायची आहे तो घेईल, त्याला कुणी अडवत नाही.

याच ठरावात मी आणखी एक कलम घालीन. सभासदाच्या गोठ्यात कालवड जन्मली की संस्थेच्या माणसानं पहिल्या दिवशी घरी जावं, चीक किती आणि कधी पाजला याची नोंद करावी. त्या कालवडीला पहिल्या महिन्यात लागणारे जिवाणू, नावानिशी तपासलेले, संघानं स्वतःच्या खर्चानं द्यावेत आणि महिनाअखेर छातीचा घेर मोजून वजन लिहून ठेवावं. अडीच-तीन वर्षांनी तिचं दूध संघाच्याच टँकरमध्ये जाणार आहे.